छोटी मोटार आणि घरचा मिस्त्री



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयास येतात ते बहुधा पदवीधर विद्वान असतात. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा नववीत सुटली आणि पुढचे शिक्षण यंत्रशाळेत, युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटात आणि मामाच्या गॅरेजात झाले. तेव्हा राजांचा व लढायांचा इतिहास माझ्याकडून अपेक्षू नका. मी आज छोट्या कौटुंबिक मोटारीचा, आणि ती मोटार घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या माणसांचा इतिहास सांगणार आहे.

विषय ऐकून काहीजणांना हसू येईल. रविवारी सकाळी बनियन घालून मोटारीखाली शिरलेला गृहस्थ हा काय इतिहासाचा विषय झाला? माझे म्हणणे असे की, झाला. यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपण शंभर वर्षे विचारीत आलो. यंत्राचे ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारला नाही. तो प्रश्न ह्या बनियनवाल्या गृहस्थाच्या गोष्टीत दडलेला आहे.

गोष्टीची सुरुवात अमेरिकेत होते. १९०८ साली हेन्री फोर्डने मॉडेल टी ही गाडी बाजारात आणली. १९२७ पर्यंत त्या दीड कोटींहून अधिक निघाल्या. ती घेणारा मोठा वर्ग शेतकऱ्यांचा होता. जवळचे गॅरेज कित्येक मैल लांब, त्यामुळे गाडी बिघडली की स्वतःच पाना हातात घेणे भाग असे. ज्याला नांगर आणि मळणीयंत्र दुरुस्त करण्याची सवय होती त्याला हे जड गेले नाही. तो दुरुस्तीवरही थांबला नाही. गाडीचे मागले चाक उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि त्या जोरावर लाकडे कापायची, पाणी उपसायचे, असे उद्योग त्याने केले.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली सरकती जुळणी-रांग सुरू झाली. आधी एका गाडीचा सांगाडा जुळवावयास बारा तासांच्या वर लागत, तो काही महिन्यांत सुमारे दीड तासात जुळू लागला. पण ह्या चमत्काराची किंमत कामगाराने दिली. पूर्वी संपूर्ण गाडी जाणणारा कारागीर आता दिवसभर एकच नट आवळू लागला. कंटाळून कामगार इतके सोडून जाऊ लागले की, जानेवारी १९१४ मध्ये फोर्डला दिवसाला पाच डॉलर देऊ करावे लागले. गंमत अशी की, गाडी बनवणाऱ्याला गाडी कळेनाशी झाली आणि गाडी विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला ती नखशिखान्त कळू लागली. कारखान्याने ज्या ज्ञानाचे तुकडे केले, ते तुकडे शेतकऱ्याच्या अंगणात पुन्हा जोडले गेले. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

अमेरिकेत माणसाला मिस्त्री बनवले ते अंतराने. इंग्लंडात ते काम काटकसरीने केले. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ ते १९३९ ह्या काळातली चिमुकली कौटुंबिक गाडी. ती जुनी झाल्यावर तरुण मुले स्वस्तात घेत आणि तिच्यावर हलका सांगाडा चढवून तिला वेगवान करीत. जॉन हेन्स नावाच्या एका शाळकरी मुलाने असे करून पाहिले आणि १९५६ साली त्याची छोटी पुस्तिका काढली. पुढे वायुदलात असताना मित्राची गाडी खोलून जोडताना प्रत्येक पायरीची छायाचित्रे काढण्याची कल्पना त्याला सुचली, आणि १९६६ साली त्याचे पहिले दुरुस्ती-पुस्तक निघाले. गाडी पूर्ण खोलून पुन्हा जोडल्याशिवाय पुस्तक लिहावयाचे नाही, ही त्याची पद्धत. ज्याने स्वतः हात काळे केले त्यानेच लिहावे, हा नियम आमच्या पुढाऱ्यांनीही पाळावयास हरकत नाही.

पूर्व जर्मनीत तिसरे कारण होते, ते टंचाईचे. तेथली ट्रॅबंट गाडी १९५७ ते १९९१ पर्यंत त्स्विकाऊ येथे बनत होती. नोंदणी केल्यावर दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक वाट पाहावी लागे, आणि सुटे भाग मिळणे त्याहून कठीण. तेव्हा घरोघरी दुरुस्तीची पुस्तके आणि जपून ठेवलेले भाग असत. ‘मी स्वतःची मदत कशी करू?’ अशा अर्थाच्या नावाची तेथली पुस्तकमाला प्रसिद्धच आहे. दोन ठोक्यांचे, दोन सिलिंडरचे साधे यंत्र. चालकाला ते समजावे इतके साधे. टंचाई वाईटच, पण टंचाईने लोकांना काहीतरी शिकवले हेही नाकारता येत नाही.

आपल्याकडची हकीकत ह्या तिसऱ्या जातीची आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. १९५३ साली सरकारने ठरवले की, परदेशी भाग आणून येथे नुसती जुळणी करणाऱ्यांना यापुढे थारा नाही. गाडीचे भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम हवा. मुंबईत १९२८ पासून मोटारी जुळवणारी जनरल मोटर्स त्यानंतर आवरते घेऊन गेली. मैदानात राहिल्या त्या मोजक्या कंपन्या. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर सरकारी नियंत्रण आले. गाडीसाठी नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, हे मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडले.

१९५४ साली कुर्ल्याहून फियाट अकराशे बाहेर पडू लागली. तिच्या गोलमटोल अंगाकडे पाहून आपल्या लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव देऊन टाकले. १९६४ पासून अकराशे-डी आली. १९७४ साली तिचेच ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. नावे बदलली, पत्रा बदलला. पण बॉनेटखालचे यंत्र? ते १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. त्याचा वंश इटलीत १९३७ साली सुरू झालेला. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ एकाच घराण्याचे यंत्र धावत होते.

अर्थशास्त्रज्ञ ह्याला मागासलेपण म्हणतात, आणि ते खोटे नाही. गिऱ्हाईक जुन्याच मालावर अडकून पडले होते. पण खालच्या अंगाने पाहिले तर दुसरेही चित्र दिसते. यंत्र बदलत नव्हते म्हणून त्याचे ज्ञान साचत गेले. बापाने डुक्कर फियाटवर जे शिकले ते मुलाला पद्मिनीवर उपयोगी पडले. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत नवा भाग, कुर्ल्याच्या भंगारात जुना भाग, आणि दोन्ही न मिळाले तर लेथवर घडवून देणारा टर्नर, अशी साखळी तयार झाली. जिल्ह्याच्या गावापासून तालुक्याच्या एस.टी. स्टँडपर्यंत फियाट खोलणारा माणूस सापडू लागला.

माझे मामा त्यांपैकीच एक. घाटकोपरच्या बाजूला एका चिंचेखाली त्यांचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लाकडी पेटी आणि एक चेनपुली. १९८८ साली, मी अठरा वर्षांचा असताना, मी कामाला होतो त्या यंत्रशाळेत टाळेबंदी झाली. चार महिने हाताला काम नव्हते. मामांनी निरोप धाडला, “घरी बसून आढ्याकडे काय बघतोस? इकडे ये.” मी गेलो.

मामांकडे एक डॉक्टर आपली पद्मिनी घेऊन येत. रविवारी दवाखाना बंद. एके दिवशी ते म्हणाले, “अहो मिस्त्री, हे तुम्ही काय करता ते मला दाखवाल का?” मामा संकोचले. “डॉक्टरसाहेब, कपडे खराब होतील.” डॉक्टरांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि चिंचेखाली धडा सुरू झाला.

पहिला धडा ठिणगीचा. बॅटरीच्या बारा व्होल्टमधून प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी कशी मिळते? कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला की ती मिळते. तो तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातले दोन इवलेसे पॉइंट करतात. त्यांच्यावर काजळी बसली की गाडी खोकते. पॉलिश पेपरने ते घासावयाचे आणि मधली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी ठेवावयाची. मोजण्याची पट्टी नसेल तर जाड कार्ड घडी करून अंदाज घ्यावयाचा. मग चार सिलिंडरना ठिणगी कोणत्या क्रमाने? एक, तीन, चार, दोन. मामा हे पाढ्यासारखे म्हणत, आणि आज झोपेतून उठवले तरी मी ते म्हणेन.

दुसरा धडा प्रवासातला. बोरघाट चढताना उन्हाळ्यात फियाट मध्येच बंद पडे. पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होई आणि पंप नुसता वारा ओढी. उपाय काय, तर पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबणे. टाकीला बारीक गळती लागली तर साबणाची वडी घासून ती तात्पुरती बुजवणे. रेडिएटरला बारीक भोक पडले तर थंड झाल्यावर पाण्यात हळद टाकणे. हे सारे गावच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरते. तात्पुरता उपाय आणि दुरुस्ती ह्यांतला फरक कळणे हीच खरी विद्या, असे मामा सांगत.

पुढे हे गृहस्थ-मिस्त्री दुरुस्तीपलीकडे गेले. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला म्हणजे रात्री दिवे मंद होत नसत. सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर झिजलेल्या बुशांमुळे लुळा पडे. कोणी बुश बदलून घेत, तर कोणी गिअरची दांडी खाली जमिनीवर आणवीत. पुढचे सलग बाक काढून दोन स्वतंत्र आसने बसवीत. हौशी मंडळींनी तर कार्ब्युरेटर आणि हेडवर कसब चालवून ह्याच कौटुंबिक फियाटी मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरवल्या. पुढे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ह्याच गाड्या सीएनजीवर आणल्या. १९३७ च्या वंशातले यंत्र एकविसाव्या शतकातल्या वायूवर धावू लागले. ज्या गाडीची अंतरे माणसांना ठाऊक आहेत तिला नवे आयुष्य देता येते, त्याचा हा पुरावा.

आता युनियनचा माणूस म्हणून मला एक प्रश्न स्वतःलाच विचारला पाहिजे. मालकाने घरीच दुरुस्ती केली तर मिस्त्रीच्या पोटावर पाय येत नाही काय? मीही मामांना तेच विचारले होते. मामा म्हणाले, “अरे, ज्यानं एकदा स्वतः टॅपेट बसवले ना, तो माझ्याशी पैशासाठी घासाघीस करीत नाही.” ते खरे निघाले. डॉक्टर किरकोळ कामे स्वतः करू लागले. पण मोठे काम निघाले की मामांकडेच येत आणि सांगितली ती मजुरी देत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्यांनी मामांना आत, ओटीवर बसवून चहा दिला. आपल्या समाजात हात काळे होणे हे शतकानुशतके कमीपणाचे मानले गेले. ज्याचे हात काळे त्याने उंबऱ्याबाहेर उभे राहावयाचे. डॉक्टरांचे स्वतःचे हात काळे झाले तेव्हा तो उंबरा त्यांच्यापुरता तरी झिजला. कोणत्याही मोर्चाने हे मला इतक्या सहज मिळवून दिलेले नाही.

पण ह्या विद्येचे गोडवे गाताना तिचा धोका लपवणे अप्रामाणिक होईल. चौथ्या महिन्यात मला वाटू लागले की आपण पक्के मिस्त्री झालो. मामा गावी गेले होते. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत ब्रेकचे तेल कमी दिसले. मी समोरच्या डब्यातले इंजिनचे तेल ओतले. ब्रेकच्या आतले रबर त्या तेलाने फुगते, हे मला ठाऊक नव्हते. तीन दिवसांनी उतारावर पेडल थेट तळाला गेले. गाडी एका कुंपणाच्या भिंतीवर आदळून थांबली. मालकाच्या कपाळाला खोक पडली. शेजारच्या आसनावर त्याची मुलगी असती तर काय झाले असते, ह्या विचाराने मी अनेक रात्री झोपलो नाही. मामा आल्यावर ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “तेल ते तेल, असं वाटलं होय तुला?” मग त्यांनी ब्रेकचे सगळे रबर बदलले, भिंतीचे पैसे भरले आणि ते माझ्याकडून कधी मागितले नाहीत.

त्या दिवसापासून मी ब्रेक आणि सुकाणू ह्यांना जाणकाराशिवाय हात लावीत नाही, आणि तुम्हीही लावू नये. घरची दुरुस्ती म्हणजे बेफिकिरी नव्हे. आपल्याला काय येत नाही हे कळणे हा तिचा पहिला नियम.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तीन सिलिंडरची, पुढची चाके ओढणारी, कमी पेट्रोल पिणारी आणि कमी बिघडणारी. मिस्त्री लोकांनी आधी नाके मुरडली, मग तीही शिकून घेतली. खरा बदल नंतर झाला. हवेतील विष कमी करण्यासाठी १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारे यंत्र सक्तीचे झाले. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि धुराचे नवे नियमही आले. कार्ब्युरेटर गेला. इंधन किती द्यावे हे एक बंद पेटी ठरवू लागली. मुलांच्या फुप्फुसांसाठी हे आवश्यकच होते. जुन्या धुराच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांतला मी नाही. तथापि त्या पेटीबरोबर एक नवी गोष्ट आली. बिघाड कुठे आहे हे सांगणारे उपकरण, त्याची सांकेतिक भाषा आणि सुटे भाग हे सारे कंपनीच्या ताब्यात राहू लागले. चिंचेखालचा मिस्त्री बॉनेट उघडू शकत होता, पण आतले यंत्र त्याच्याशी बोलेनासे झाले.

ह्यावर तक्रार झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दोषी धरून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला, हे महत्त्वाचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली, आणि पुन्हा २०२० साली, मोटार दुरुस्तीची माहिती खुली करण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. २०२२ साली केंद्र सरकारनेही ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले.

आता मी सुरुवातीच्या वाक्याकडे येतो. १९१३ साली कारखान्याने कामगाराच्या हातातील ज्ञानाचे तुकडे केले. ते तुकडे अंगणात, चिंचेखाली, पुस्तकांतून लोकांनी पुन्हा जोडले. आज तेच ज्ञान मालकाच्या आणि मिस्त्रीच्या, दोघांच्याही हातून काढून बंद पेटीत ठेवले जात आहे. पूर्वी फक्त कामगार यंत्राला परका झाला होता. आता पैसे मोजून गाडी घेणाराही परका होत आहे. म्हणून मी कामगारांच्या सभेत सांगतो तेच तुम्हा नागरिकांना सांगतो. ह्या बाबतीत तुमचे आणि आमचे हित एकच आहे.

मागणी फार मोठी नाही. गाडीबरोबर तिच्या दुरुस्तीची माहिती मिळावी. तपासणीचे साधन आणि सुटे भाग कोणत्याही प्रामाणिक गॅरेजला योग्य किमतीत मिळावेत. आणि जुन्या मिस्त्रीला नवी विद्या, अगदी विजेवर चालणाऱ्या गाडीचीही, शिकण्याची सोय आय.टी.आय.च्या वर्गात संध्याकाळी व्हावी. बॅटरीचा दाब जीवघेणा असतो, तेथे प्रशिक्षणाशिवाय हात घालू नये, हे माझ्या ब्रेकच्या अनुभवावरून मी दुप्पट जोराने सांगतो. पण धोका आहे म्हणून ज्ञानावर कुलूप लावावयाचे नसते. धोका आहे म्हणूनच ते अधिक चांगले शिकवावयाचे असते.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात मी घाटकोपरला गेलो होतो. चिंच आहे, गॅरेज नाही. मामा ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येते. मी त्यांना टॅक्सीची बातमी सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग बोटांवर मोजल्यासारखे करून म्हणाले, “एक, तीन, चार, दोन.”

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी येत्या रविवारी मुलांना, आणि मुलींनाही, बरोबर घेऊन बॉनेट उघडावे. काही खोलू नका. नुसते पाहा आणि काय कळत नाही त्याची यादी करा. मग ती यादी घेऊन जवळच्या मिस्त्रीकडे जा, त्याला आधी त्याचे नाव विचारा आणि मग प्रश्न विचारा. एवढे केलेत तरी माझे येथे येणे कारणी लागले असे मी समजेन.